शाळेत सर्व विद्यार्थ्यांची मानसिक आरोग्य आणि व्यसन तपासणी व्हावी का?

मूळ मत
वर्गात आरडाओरडा करणारा मुलगा शिक्षकांच्या नजरेत येतो. चांगले गुण मिळवत आतून खचत चाललेली मुलगी येत नाही. त्यामुळे शिक्षकांना शंका आली तरच मूल समुपदेशकाकडे पाठवण्याची रीत अपुरी आहे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १४ शाळांमधील सुमारे १३ हजार विद्यार्थ्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे पीएचक्यू-९ ही ९ प्रश्नांची प्रश्नावली सरसकट दिल्यावर नैराश्याची लक्षणे ओळखली जाण्याची शक्यता नेहमीच्या रीतीच्या जवळपास ६ पट, तर उपचार सुरू होण्याची सुमारे २ पट आढळली.

प्रतिसाद: विरोध
आकडे मान्य आहेत, पण पुढचा हिशेबही मांडायला हवा. समजा, १००० मुलांपैकी ५० जणांना खरोखर नैराश्य आहे आणि प्रश्नावली आजारी व निरोगी अशा दोन्ही गटांत ८० टक्के अचूक ठरते. ती ४० आजारी मुले शोधेल, १० सोडून देईल आणि १९० निरोगी मुलांवर विनाकारण खूण करेल. या २३० मुलांशी एकटा समुपदेशक कधी बोलणार? विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडलेल्या, सरसकट तपासणी कधी करावी याच्या निकषांत निदान आणि उपचारांची सोय उपलब्ध असणे ही अट आहेच. शिवाय प्रश्नावलीतील नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याला ‘होय’ म्हणणाऱ्या मुलाचा कागद सोमवारपर्यंत कपाटात पडून राहिला, तर त्याने मदत मागितली आणि कोणीच आले नाही, असा त्याचा अर्थ होतो.

प्रतिसाद: व्यसनाविषयी
व्यसनाचा प्रश्न वेगळा ठेवावा, अशी माझी विनंती आहे. लघवीची अचानक तपासणी आणि विश्वासात घेऊन विचारलेले प्रश्न यांत मोठे अंतर आहे. पहिलीमुळे मुले लपवायला शिकतात. क्राफ्ट या किशोरवयीनांसाठीच्या प्रश्नावलीत नशेत असलेल्या व्यक्तीने चालवलेल्या वाहनात बसला होतास का, असेही विचारले जाते, म्हणजे धोका मुलाच्या स्वतःच्या सवयीपलीकडेही शोधला जातो. मात्र उत्तरावरून शिक्षा होणार असेल, तर कोणतेही मूल खरे सांगणार नाही.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
नवव्या प्रश्नाबाबतचा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. उत्तरे त्याच दिवशी वाचली गेलीच पाहिजेत. पण म्हणून तपासणी सोडून देणे मला पटत नाही, कारण ती ४० मुले न विचारताही शाळेत बसलेलीच आहेत. सगळी शाळा एका दिवशी न घेता दर आठवड्याला ४० मुलांची एकच तुकडी घ्यावी. आपल्याच हिशेबाने तीत सुमारे ९ मुलांवर खूण होईल, आणि ९ मुलांशी एका आठवड्यात निवांत बोलणे एका समुपदेशकाला शक्य आहे. १००० मुलांची शाळा २५ आठवड्यांत पूर्ण होईल. कागद मात्र सोमवारी सकाळी वाटावेत, शुक्रवारी दुपारी नव्हे.