मदत हवी आहे: घरच्या गोल्फ सिम्युलेटरसाठी हिटिंग टर्फ (ज्यावरून बॉल मारतात ते कृत्रिम गवत) कुठलं घ्यावं? (कोपर दुखतंय)

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही, त्यामुळे प्लीज शेवटपर्यंत वाचा.

गॅरेजमध्ये सिम्युलेटर उभा केलाय. लांबी १६ फूट, रुंदी १२ फूट, उंची बरोबर ९ फूट. स्क्रीनच्या मागे फूटभर जागा सोडली, स्क्रीनपासून बॉल ९ फुटांवर, म्हणजे बॉलच्या मागे जेमतेम ६ फूट उरतात. रडारवाल्या लाँच मॉनिटरला (फटका मोजून अंतर दाखवणारं यंत्र) मागे जास्त जागा लागते म्हणून बॉलच्या बाजूला ठेवायचं कॅमेरावालं युनिट घेतलं. हे सगळं महिनाभर अभ्यास करून ठरवलं आणि मॅट मात्र पहिली दिसली ती उचलली. पातळ रबरावर चिकटवलेलं टर्फ, खाली थेट काँक्रीट. ५ बाय ५ ची आहे, मोठी आहे, छान दिसते, एवढंच बघितलं तेव्हा.

दोन महिने रोज संध्याकाळी शंभर-दीडशे बॉल मारले, बहुतेक ७ आयर्न आणि वेज या क्लबने (गोल्फच्या काठ्या). आता डाव्या कोपराची बाहेरची बाजू ठणकते (मी उजव्या हाताने खेळतो). सकाळी पाण्याचा जग उचलताना सुद्धा कळ येते. डॉक्टर म्हणाले स्नायूबंधावर ताण आलाय, सहा आठवडे खेळणं बंद. त्यातले चार झाले. बरं झाल्यावर परत त्याच मॅटवर उभं राहायचं नाही हे पक्कं आहे, म्हणून हा धागा.

दुसरी गोष्ट मला दुखण्याइतकीच लागलीय. सिम्युलेटरवर ७ आयर्न सारखं १४० यार्ड दाखवायचं, मैदानावर गेलो की १२०, कधी त्याहून कमी. आधी वाटलं युनिट चुकतंय. मग फोनवर स्लो मोशनमध्ये शूट केलं तर क्लब बॉलच्या दीड-दोन इंच मागेच टेकतोय! खऱ्या गवतावर तो तिथेच मातीत रुतला असता, वेग मेला असता आणि बॉल फुसकन पुढे पडला असता. इथे खाली कडक असल्यामुळे क्लबचा तळ घसरत किंवा उसळून बॉलपर्यंत जातो आणि बॉल बऱ्यापैकी नीट लागतो. मॉनिटर बिचारा जे झालं तेच मोजतो, चूक मॅट लपवते. म्हणजे दोन महिने मी फॅट शॉटचाच (बॉलच्या आधी जमिनीला लागणारा फटका) सराव केला आणि आकडे बघून खूश होत राहिलो. फार वाईट वाटलं खरंच.

आता शोधून शोधून जे कळलंय ते असं. एक प्रकार म्हणजे लांब, दाट, उभ्या नायलॉनच्या धाग्यांचं टर्फ, कंट्री क्लब एलिट त्यातलंच, त्यात लाकडी टी (बॉल ठेवायची खुंटी) थेट खोचता येते. दुसरा ब्रशसारख्या धाग्यांचा, फायबरबिल्टवाले बनवतात तसा, त्यात क्लब धाग्यांमधून आरपार जातो. तिसरा ट्रू स्ट्राइकसारखा, टर्फच्या खाली जेलचा थर, फटका बसला की तो थर सरकतो आणि डिव्हॉट (फटक्याने उडणारा गवत-मातीचा तुकडा) काढल्यासारखं वाटतं म्हणतात. चौथा म्हणजे साधं टर्फ आणि खाली फोम, स्वस्त आणि स्वतः करता येण्यासारखा.

माझे प्रश्न:

कोपराला सगळ्यात हलकं काय जातं, आणि फॅट मारलं तर हाताला ते कळतं का? दोन्ही पाहिजे मला. नुसतं मऊ असून उपयोग नाही.

पूर्ण मॅट बदलू की फक्त बॉलखालची पट्टी चांगली घेऊन बाजूचं स्वतः भरून काढू? हे विचारायचं कारण, बायको डावखुरी आहे आणि ती पण खेळते. बॉल मध्येच राहील पण आम्ही दोघं समोरासमोरच्या बाजूला उभे राहणार, म्हणजे दोन्हीकडे उभं राहायची जागा पट्टीच्या लेव्हलला हवी.

आणि उंचीचं काय करू? माझी उंची ५ फूट ७ इंच, ड्रायव्हर (सगळ्यात लांब क्लब) आत्ता छताला वीतभर अंतर ठेवून जातो. दोन इंचाचा फ्लोअर केला की ते अंतर कमी होणार, विचार करून धडधडतं.

वापरलेल्यांनीच सांगा प्लीज, जाहिरातीतलं सगळं वाचून झालंय.

प्रतिसाद

आधी कोपर पूर्ण बरं होऊ द्या, सहाचे आठ आठवडे झाले तरी चालतील. मी घाई केली आणि तेच दुखणं वर्षभर पुरलं.

पट्टीच घ्या. झिजते ती बॉलजवळची हातभर जागा, बाकी मॅट नवीच्या नवी राहते, मग पूर्ण मॅट फेकायची कशाला. फक्त पट्टी बॉलच्या पुढे पण फूटभर असू द्या, आयर्नचा चांगला फटका बॉल लागल्यानंतर खाली घासतो, तिथे कडक कड आली की परत हाताला झटका. लेव्हलला तडजोड नको. पट्टी पायापेक्षा अर्धा इंच जरी वर असली तरी बॉल कायम पायाच्या वर राहतो, नकळत स्विंग चपटा होत जातो आणि मैदानावर गेलं की सगळं बिघडतं. मॉनिटर बाजूला ठेवता ना, मग त्याचं बूड पण टर्फच्याच लेव्हलला आणा, काँक्रीटवर तसंच राहिलं तर बॉल त्याला उंचावर दिसणार.

फोमबद्दल सावध राहा. फार मऊ फोम ट्रँपोलिनसारखा क्लब वर फेकतो, म्हणजे फॅट शॉट परत लपलाच. मी दोन वर्षं ब्रशवाली पट्टी वापरतोय, कोपर शांत आहे. हाताला फॅट कळतं, पण आकड्यात पूर्ण नाही दिसत, हे मान्य करतो. जेलवाली मित्राकडे मारून बघितली, फॅट शॉटचा जाब ती जास्त विचारते, पण ती जाड आणि वजनदार, तुमच्या छताला परवडेल का ते बघा.

धागाकर्ता

मनापासून आभार दादा. पुढची फूटभर जागा माझ्या डोक्यातच नव्हती, मी बॉल पट्टीच्या पुढच्या टोकाला ठेवणार होतो!

आज लाकडी फळ्या रचून दीड इंच उंच केलं आणि हातात ड्रायव्हर घेऊन नुसता हळू स्विंग केला (डाव्या हातावर जोर न देता), बसतोय. दोन इंचाला भीती वाटते. त्यामुळे जेलवाली बाद, ब्रशवाली नाहीतर लांब नायलॉनवाली. प्लायवूडची चौकट, मध्ये पट्टीपुरता खड्डा, दोन्ही बाजूंना रबर टाइल आणि वरून साधं टर्फ असं ठरवतोय, मॉनिटरसाठी पण एका बाजूला तेवढ्याच उंचीचा ओटा. बायको खेळताना तो उचलून पलीकडे ठेवायचा.

एकच अडतंय. पट्टी खड्ड्यात नुसती बसवली तर फटक्याने सरकेल का? चिकटवायची नाहीये, कारण एक बाजू झिजली की फिरवून घेता आली पाहिजे. खाली वेल्क्रो लावून कुणी केलंय का?