निखारे, उन्हाळ्याची संध्याकाळ आणि मुरवलेला मासा: तुमचेही अनुभव सांगा

सांजसावली

काल संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले आणि कुठून तरी वास आला. तापलेल्या निखाऱ्यावर लिंबाचा रस पडला की येतो ना, अगदी तो. कोण काय भाजत होतं कळलं नाही. हातातले कपडे तसेच राहिले आणि बाबा डोळ्यांसमोर उभे राहिले.

उन्हाळ्यात स्वयंपाकघर इतकं तापायचं की आईला संध्याकाळी ओट्याशी उभं राहू द्यायचे नाहीत. "आज तू बस," म्हणायचे आणि मासा हातात घ्यायचे. पांढऱ्या मांसाचा कुठलाही जाडसर मासा. आधी तो जुन्या सुती फडक्याने टिपायचे. एकदा, दोनदा, फडकं कोरडं निघेपर्यंत. "ओला मासा भाजत नाही, उकडतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग मीठ, ठेचलेला लसूण, मिरपूड, लाल तिखट, लिंबाची किसलेली साल आणि तेल. रस मात्र नाही. कोळशांवर राखाडी साय धरली की मला बोलवायचे. जाळीपासून अर्ध्या वितेवर तळहात धरून मोजायचं. तीनच्या पुढे मोजता आलं तर आच कमी. चटका बसून तीनला हात मागे आला की ते लिंबू पिळायचे, आम्हाला पानं घ्यायला सांगायचे, आणि पानं घेऊन होईपर्यंत मासा तयार असायचा.

घड्याळ कधीच बघितलं नाही त्यांनी. उलथन्याचं टोक एका कोपऱ्याखाली सारून बघायचे. जरा अडलं की हात मागे. "अजून सोडत नाहीये." अर्ध्या मिनिटाने पुन्हा. सोडला की एकाच झटक्यात उलटा.

ते गेल्यावर मी बरेच वर्षं केलाच नाही. केला तेव्हा दर वेळी काहीतरी बिघडलं, आणि आता वाटतं की प्रत्येक वेळी मी त्याला जास्तच वेळ दिला. मसाल्यात जास्त, आचेवरही जास्त. तुमच्याकडे काय झालं, ते लिहा. जमलेलं, फसलेलं, सगळं चालेल.

अर्धाकप

लिंबू!! सकाळी कामावर जायच्या आधी लिंबू-लसूण लावून फ्रिजमध्ये ठेवला होता, म्हटलं दिवसभर छान मुरेल. संध्याकाळी डबा उघडला तर कडा पांढऱ्याफटक, बोट लावलं की भुगा. जाळीवर ठेवला तर पापुद्रे सुटून खाली निखाऱ्यात. पाहुणे आले होते हो. इतकं वाईट वाटलं ना, चांगला महाग मासा होता. त्या दिवशी सगळ्यांनी नुसतं सॅलड खाल्लं आणि कोणी एक शब्द बोललं नाही, त्याचं आणखीनच वाईट वाटलं.

रानवारा

अर्धाकप, तुमचा मासा जाळीवर जायच्या आधीच अर्धा 'शिजला' होता. आम्लाने प्रथिनांची घडी मोडते, उष्णतेने मोडते तशीच. म्हणून कच्चा असताना मांस अर्धपारदर्शक दिसतं आणि लिंबात पांढरं पडतं. मात्र याने जंतू मरतात असं धरून चालू नका, आच लागतेच. कोंबडी किंवा मटण रात्रभर मुरवलं तर चालतं कारण त्यांचे धागे लांब आणि त्यांना बांधणारं कोलॅजन भरपूर. माशाचे स्नायू आखूड आखूड थरांचे, मध्ये कोलॅजन अगदी थोडं आणि तेही कमी आचेवर विरघळतं. म्हणूनच शिजला की पाकळ्या सुटतात.

माझा हिशोब असा: मीठ, तेल, मसाला अर्धा तास आधी. लिंबू किंवा व्हिनेगर असेल तर पंधरा-वीस मिनिटं, फार तर तीस. दही सौम्य असतं, ते तासभर चालतं. सांजसावली, तुमच्या बाबांनी साल आधी आणि रस शेवटी हे कुठून शोधलं माहीत नाही, पण सुगंध सगळा सालीतल्या तेलात असतो आणि आम्ल रसात. अगदी नेमकं करत होते ते.

भरदुपार

मी मासे खात नाही पण वाचतेय. "अजून सोडत नाहीये" वाचून डोळे भरून आले. माझे वडील पतंगाच्या मांज्याबद्दल अगदी असंच बोलायचे.

सांजसावली

भरदुपार ❤️ लिहा ना त्याबद्दल, वेगळा धागा काढा.

निळीछत्री

चिकटण्याबद्दल लिहिते, कारण यात मी पाच उन्हाळे घालवलेत. (भाजी चिरता चिरता लिहितेय, चुका माफ)

थंड जाळीवर मासा ठेवला की संपलं. कच्चं प्रथिन धातूला धरतं. खालचा थर नीट भाजून खरपूस झाला की तोच आपोआप सुटतो, त्याआधी ओढलं की निम्मा मासा जाळीलाच. म्हणजे: जाळी आधी दहा मिनिटं कडकडीत तापवा, तारेच्या ब्रशने घासा, तेलाचा बोळा चिमट्यात धरून फिरवा. ब्रश फिरवल्यावर सुटी तार राहिली नाही ना ते बघून घ्या, ती पोटात गेली तर फार वाईट. माशालाही तेलाचा हात. कातडी असेल तर आधी कातडीची बाजू खाली. आणि मग हात बांधून उभं राहायचं. हेच सगळ्यात अवघड आहे!! माझ्या सासूबाई शेजारी उभ्या राहून "उलट, उलट, करपेल" म्हणायच्या आणि मी उलटायचे. एकदा त्यांना नम्रपणे म्हटलं आई, आज मला एकदाच बघू द्या. नाही उलटला. चार मिनिटांनी उलथनं घातलं तर लोण्यासारखा सरकला. त्याच म्हणाल्या, अगं हे तर सोपं आहे. आता त्या स्वतः तसंच करतात.

लसणाचे मोठे तुकडे आणि मध असेल तर आधी पुसून घ्या, ते मासा व्हायच्या आत काळे होऊन कडू लागतात.

अर्धाकप

निळीछत्री, ती दोन बाजूंनी मिटणारी जाळी मिळते, दांड्याची, ती कशी? माझ्याकडे पडून आहे.

निळीछत्री

मऊ माशाला तीच उत्तम. कॉड, हॅडॉक यांच्या पाकळ्या सुटतात, त्यांना ती जाळी हवीच. हॅलिबट घट्ट असतो, तो उघड्यावर राहतो. तेल लावायला विसरू नकोस दोन्ही बाजूंना. पडून ठेवू नकोस, काढ ती.

पाऊलवाट

आमच्याकडे ना गच्ची ना अंगण. ओव्हनची फक्त वरची कॉइल लावते, ट्रे एकदम वरच्या खाचेत, आठ मिनिटांत काम होतं. नाहीतर खाचांचा तवा.

माझी अडचण वासाची. नवीन घरात राहायला गेलो, पहिल्याच आठवड्यात केला, आणि दार वाजलं. समोरच्या आजी. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "मुली, लसूण किती घातलास ग?" तेव्हापासून दर खेपेला एक तुकडा त्यांच्याकडे जातो आणि त्यांच्याकडून वाटी कधी रिकामी येत नाही. मागच्या वर्षी माझं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस त्यांनी डबा दिला. विषय माशाचा होता, कुठल्या कुठे गेले मी. कुकर झालाय, येते.

चिमूटभर

पाऊलवाट, कशा आहात आता?

पाऊलवाट

एकदम ठणठणीत 🙂

रानवारा

वासाबद्दल थोडं. समुद्राच्या माशाचा तो 'माशाचा' वास बराचसा ट्रायमिथाइलअमाइनचा. मासा जिवंत असताना नसतो, नंतर जिवाणू तयार करतात. म्हणजे वास जितका उग्र तितका मासा शिळा. तो अल्कधर्मी असल्याने लिंबाने दबतो, लिंबाची फोड माशासोबत देतात त्याला हेही कारण आहे. तिलापियासारख्या गोड्या पाण्यातल्या माशाला कधी मातकट वास येतो, तो वेगळ्या द्रव्याचा, जिओस्मिन म्हणतात त्याला. आम्लाने तोही कमी होतो.

पिवळीपानं

आमच्या मांजरीने एक अख्खा फिले पळवला होता, मुरवलेला, तिखटासकट. नंतर पाण्याच्या भांड्यापाशी बसून होती. तिला काही झालं नाही पण लसूण मांजरांना विषारी असतो हे मला डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं, रात्रभर झोप नाही लागली मला. मांजरवाल्यांनी मसाल्याचं भांडं झाकूनच ठेवा.

चिमूटभर

एक गंभीर लिहिते, कृपया वाचा.

दोन वर्षांपूर्वी नणंदेकडे अंगणात मासा भाजत होते. वळवाचा पाऊस आला, सगळ्यांनी धावपळ करून सामान आत घेतलं आणि शेगडीही. ज्वाळा नव्हती, कोळसे नुसते राखाडी, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. खिडक्या पावसामुळे बंद. अर्ध्या तासात धाकट्याचं डोकं दुखायला लागलं, मग नणंदेला मळमळ. तिच्या दिरांच्या लक्षात आलं, त्यांनी दारं उघडली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि विझल्यासारखे दिसणारे निखारेही तो तासन्तास सोडत राहतात. मासा भिजला तर भिजू दे. शेगडी आत आणू नका. काचा लावलेल्या बाल्कनीतही नको.

सांजसावली

बापरे चिमूटभर. सगळे नीट आहेत ना आता? हे लिहिलंत बरं केलंत.

चिमूटभर

हो ताई, सगळे छान. ते पोरगं आता स्वतःच सगळ्यांना दटावतं.

शेवटचीबस

प्रवासात वाचतोय. दोन गोष्टी, दोन्ही अनुभवाच्या.

१) उरलेला मसाला (ज्यात कच्चा मासा होता) मी भाजलेल्या माशावर वरून ओतला, चवीसाठी. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही आडवे. आता वरून घालायचा वाटीभर आधीच बाजूला काढतो. विसरलो तर उकळून घेतो.

२) भाजलेला मासा ज्या ताटलीत कच्चा होता त्याच ताटलीत काढू नये. हे बायकोने शिकवलं.

आणि उन्हाळ्यात मुरवायचा तो फ्रिजमध्येच. ओट्यावर दोन तासांच्या वर नको, ३२ अंशांच्या वर गरमी असेल तर एकच तास.

कोवळंऊन

गोठवलेला मासा वापरते त्यामुळे पाणी फार सुटतं. काय करता?

निळीछत्री

रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेव, ताटलीत. बाहेर ओट्यावर नको. मग टिपायचं, मीठ लावून पंधरा मिनिटं, परत पाणी सुटतं, परत टिपायचं. मग तेल-मसाला. तेवढ्याने मांस घट्ट होतं, वर पांढरा फेसही कमी येतो. (तो फेस म्हणजे माशातलंच प्रथिन, वाईट नसतं)

कोवळंऊन

थँक्यू ग! आणि झाला हे कसं ओळखायचं, मला नेहमी कच्चा राहिल्याची भीती, मग कोरडाठक होतो.

रानवारा

सुईचा थर्मामीटर घ्या, जाड भागात मध्यावर ६३ अंश सेल्सिअस. तो नसेल तर काट्याचं टोक जाड भागात घालून हलकं फिरवा, पाकळ्या सुटल्या आणि आतली काचेसारखी झाक गेली की काढा. अंदाज म्हणून एक इंच जाडीला दहा मिनिटं, दोन्ही बाजू मिळून. शेपटीकडचा पातळ भाग खाली दुमडून घ्या म्हणजे तो आधी वाळत नाही. पांढऱ्या माशात चरबी कमी, त्यामुळे एखादं मिनिट जास्त झालं तरी तो माफ करत नाही.

भरदुपार

मी धागा काढलाय पतंगाचा, या सगळे!

सांजसावली

आज केला. तुम्हा सगळ्यांचं वाचून राहवलं नाही.

फडक्याने तीनदा टिपला. साल आधी, रस शेवटी. लेकीला बोलावून जाळीवर हात धरायला लावला, तिने तीन म्हणायच्या आत मागे घेतला. मासा ठेवला. उलथन्याचं टोक सारलं, अडलं. ती म्हणाली "आई उलट ना", मी म्हटलं अजून सोडत नाहीये. माझ्याच तोंडून ते आलं आणि क्षणभर गळा दाटला. मग सुटला. एक कोपरा थोडा करपला, बाकी सगळा अख्खा, आत ओलसर. आई पानावर बसली होती. पहिला घास घेतला आणि काही बोलली नाही, दुसऱ्यांदा वाढून घेतला.

अर्धाकप

आत्ताच माळ्यावरून ती दांड्याची जाळी काढली. गंज आहे थोडा, घासून जाईल ना?

निळीछत्री

वरवरचा असेल तर जाईल. घासून, धुऊन, तेल लावून एकदा रिकामीच तापव. पोपडे निघत असतील तर मात्र टाकून दे.