सहमूळ संख्या आणि लसावि

सहमूळ असण्यासाठी, म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसण्यासाठी, दोन्ही संख्या मूळ असाव्या लागतात असं काहींना वाटतं. तसं नाही. ८ आणि १५ घ्या. दोन्ही संयुक्त, पण १ सोडून सामाईक विभाजक एकही नाही, म्हणून सहमूळ. लगतच्या कुठल्याही दोन नैसर्गिक संख्या तर सहमूळच असतात, कारण दोघींना भागणारी संख्या त्यांच्यातल्या फरकालाही, म्हणजे १ ला, भागायला हवी.

"सहमूळ संख्यांचा लसावि म्हणजे त्यांचा गुणाकार" हे मुलं पाठ करतात (लसावि म्हणजे दोन्ही संख्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या), पण का ते दिसत नाही. मला यासाठी वर्तुळ फार आवडतं. वर्तुळावर घड्याळासारखे १२ बिंदू काढा. १२ पासून सुरुवात करून दर उडीला ५ घरं पुढे जायचं आणि रेघ ओढायची: ५, १०, ३, ८, १... बाराही बिंदू घेतल्यावरच परत १२ वर पोचतो. १२ उड्या, ६० घरं, आणि ६० हाच ५ व १२ चा लसावि. आता उडी ८ ची करा: ८, ४, १२. तीन उड्यांतच खेळ आटोपला! २४ घरं, तोच ८ व १२ चा लसावि. त्यांच्या गुणाकारापर्यंत, म्हणजे ९६ पर्यंत जावंच लागलं नाही, कारण ४ हा सामाईक विभाजक आहे.

उड्या मुलांनाच मारू द्या, सूत्र नंतर. मग ७ ची उडी सगळे बिंदू घेईल का, ९ ची घेईल का, हे त्यांना आधी ओळखायला सांगा.