मदत हवी आहे : मराठवाडा-विदर्भातल्या स्त्रियांची माहिती

नमस्कार मंडळी, महाराष्ट्र घडवणाऱ्या स्त्रियांवर शाळेसाठी भित्तिचित्रं करतेय. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा चालवणाऱ्या सावित्रीबाई, १९४५ च्या वारली आदिवासींच्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकर, महागाईविरोधी लाटणे मोर्चावाल्या मृणाल गोरे यांच्याबद्दल भरपूर मिळालं. पण सगळा भर पुणे-मुंबईकडेच जातोय, आणि ते मला खरंच खटकतंय. मराठवाड्यातल्या मुलींना आपल्या मातीतली बाई दिसायला हवी ना! हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाविरुद्ध लढलेल्या दगडाबाई शेळके आणि नागपुरात दलित मुलींसाठी शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी यांचे फोटो, आठवणी, जुने लेख कुठे मिळतील? अशी आणखी नावं कुणाला माहीत आहेत का? आजी-पणजीकडून ऐकलेलंही चालेल, फक्त गाव आणि साल नक्की सांगा.