मदत हवी आहे: 'चेक' आणि 'शह' एकाच घरातले?

लेकीला शाळेत एका इंग्रजी शब्दाची कुळकथा लिहायचीय. तिने 'चेक' निवडला. बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट, 'जरा चेक कर', सगळ्यांचं मूळ म्हणे बुद्धिबळात! फारसी 'शाह' म्हणजे राजा. अरबी, जुन्या फ्रेंचमधून फिरत तो इंग्रजीत 'चेक' झाला. राजाला शह म्हणजे अटकाव, त्यावरून पुढे तपासणी. पटावरून चौकडी. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात तर चौकड्यांच्या कापडावर सोंगट्या मांडून हिशेब करायचे!

आपला 'शह'ही त्याच 'शाह'चा, आणि 'मात'सुद्धा 'शाह मात'मधलीच. अडलंय ते इथे: 'मात करणे' पटाबाहेर कधी आलं? बखरीतलं एखादं वाक्य कुणाला आठवतंय? शुक्रवारी वही द्यायचीय, आणि मी 'बाबाला सगळं येतं' म्हणून बसलोय.