मदत हवी आहे: ग्रेडिंगला पाठवण्याआधी जुन्या पोकेमॉन कार्डांची किंमत कशी काढायची? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या मावसभावाची जुनी पोकेमॉन कार्डं माझ्याकडे आली आहेत. त्यात चारिझार्ड ४/१०२, ब्लास्टॉइज २/१०२, व्हीनसॉर १५/१०२ आणि आणखी काही चमकणारी आहेत. पीएसएला (कार्डाची अवस्था तपासून १ ते १० ग्रेड देणारी अमेरिकी कंपनी) पाठवायचा विचार आहे. ईबेवर एकाच चारिझार्डचे आकडे काही हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत दिसतात, मग आपलं कार्ड नेमकं कुठे बसतं? सगळी पाठवावीत की निवडक? सोलापुरात हातात घेऊन सांगणारं कुणी सापडलं नाही.

भिंगवाला
दर नंतर बघा, आधी छपाई ओळखा. तिरक्या रेघेनंतरचा १०२ म्हणजे सेटमधली एकूण कार्डं, म्हणून हा १९९९ चा इंग्रजी बेस सेट. (४/१३० असतं तर बेस सेट २, तो बराच स्वस्त.) तीन जागा तपासा:

चित्राच्या खाली डावीकडे पहिल्या आवृत्तीचा काळा शिक्का आहे का? चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावली आहे का? तळाच्या कॉपीराइट ओळीत ‘१९९५, ९६, ९८’ नंतर लगेच ‘९९’ आहे का?

शिक्का नाही, सावली आहे आणि तो ९९ नाही, तर ती अनलिमिटेड, म्हणजे नंतरची सर्वसाधारण छपाई. लाखांचे आकडे बहुतेक शिक्क्याच्या किंवा बिनसावलीच्या कार्डांचे असतात, तेही वरच्या ग्रेडचे. त्यांच्याशी तुलना करू नका.

अस्सलपणासाठी त्याच सेटमधलं एखादं साधं कार्ड शेजारी ठेवा. मागून मोबाइलचा टॉर्च लावा. खऱ्या कार्डात मधोमध गडद थर असतो, त्यामुळे उजेड कमी येतो. नकलीतून तो बराच आरपार येतो. ‘पोकेमॉन’ या इंग्रजी शब्दातल्या ‘ई’वरची तिरकी रेघ, अक्षरांची जाडी आणि मागचा निळा रंगही जुळवा. फाडून बघण्याचा सल्ला कुणी दिला तर हात जोडा.

कडाकोपरा
आता अवस्था. सराफ हिऱ्यासाठी वापरतात तसं १० पट भिंग आणि एक टॉर्च पुरे. कोपरे आणि कडा मागच्या बाजूने बघा, निळ्यावर पांढरे ठिपके लगेच दिसतात. पृष्ठभागासाठी खोलीत अंधार करून टॉर्च जवळजवळ आडवा धरा आणि कार्ड सावकाश फिरवा. होलोवरचे (चमकत्या भागावरचे) ओरखडे, छपाईच्या रेषा, नखाचा दाब हे सगळं तिरक्या उजेडातच उठून दिसतं. समोरून काढलेल्या फोटोत ९ वाटणारं कार्ड इथे ७ वर येतं. बारीक सुरकुती सापडली की ९-१० चा विषय संपला.

सेंटरिंगला (समोरासमोरच्या किनारी किती सारख्या आहेत ते बघायला) ६०० डीपीआयवर स्कॅन करा. समजा डावी किनार २.६ मिमी, उजवी ३.४. बेरीज ६, ३.४ भागिले ६ म्हणजे साधारण ५७/४३. पीएसए १० ला पुढे साधारण ५५/४५ आणि मागे ७५/२५ लागतं. म्हणजे कोपरे कितीही धारदार असोत, हे कार्ड १० मधून बाद. वर-खालीही मोजा, लोक हमखास विसरतात.

पुसायचं झालं तर कोरडं मायक्रोफायबर, तेही हलकेच. आपला सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असला तरी होलोपासून लांब ठेवा. स्पिरिट, पॉलिश काही नको. फेरफार दिसला तर ग्रेडच मिळत नाही.

हिशेबी
दरासाठी ईबेवर फक्त ‘सोल्ड’ गाळणी लावा. मागितलेली किंमत म्हणजे नुसती इच्छा. ‘बेस्ट ऑफर’ने गेलेल्या मालाची खोडलेली रक्कम खरी धरू नका, सौदा त्याखाली झालेला असतो. बिनग्रेड, ८, ९, १० असे चार वेगळे मध्यक काढा, प्रत्येकी शेवटच्या ८-१० विक्रींवरून.

मग हिशेब. आकडे केवळ उदाहरणाचे: बिनग्रेड ४,०००, ग्रेड ८ ला ३,५००, ९ ला ६,०००, १० ला २०,०००. फी, जाण्यायेण्याचं कुरिअर, विमा, परतीची कस्टम ड्युटी धरून खर्च कार्डामागे ३,५००. शक्यता १० ची १५ टक्के, ९ ची ४५, ८ ची ४०. अपेक्षित किंमत ३,००० + २,७०० + १,४०० = ७,१००. खर्च वजा जाता ३,६००. म्हणजे न पाठवता विकलं तर ४०० जास्त!

सगळा खेळ १० च्या शक्यतेवर आहे आणि तिथेच माणूस स्वतःला फसवतो. पीएसएच्या पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये (कुठल्या कार्डाला कुठला ग्रेड किती वेळा मिळाला त्याची यादी) १० चं जे प्रमाण दिसतं ते निवडून पाठवलेल्या कार्डांचं असतं, वहीत पडून राहिलेल्या कार्डांचं नव्हे. ते आपल्या कार्डाला लावू नका. शिवाय ग्रेड लागल्यावर किंमत निवडलेल्या सेवेच्या मर्यादेपलीकडे गेली तर फीचा फरकही भरावा लागतो.

जुळेसोलापूरकर
मनापासून आभार. तिन्ही अनलिमिटेड निघाली. चारिझार्डची किनार डावीकडे २.९, उजवीकडे ३.१, मागे दोन कोपऱ्यांवर पांढरे ठिपके. ब्लास्टॉइजच्या होलोवर उभे ओरखडे. व्हीनसॉर स्वच्छ आहे, पण धनुष्यासारखं वाकलंय, चमकती बाजू फुगलेली. सिलिका जेलच्या डब्यात ठेवलंय.

कडाकोपरा
जेल आधी काढा बघू! आपल्याकडे उन्हाळ्यात हवा मुळातच कोरडी. मागचा कागद ओलावा गमावून आकसतो, पुढची फॉइल तशीच राहते, म्हणून चमकती बाजू फुगते. जेलने ते वाढणारच. पावसाळ्यात उलटं होतं. स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पातळ पाकिटात) घालून ४५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या बंद डब्यात आठवडाभर ठेवा, वर हलकं सपाट वजन. इस्त्री, जाड पुस्तकांचा ढीग नको.

हिशेबी
चारिझार्डचं सेंटरिंग ५२/४८ भरतं, पण ठिपक्यांमुळे १० ची शक्यता शून्य धरा. हिशेब ७-८ वर करा. तरी एवढ्या मागणीच्या कार्डात ग्रेड म्हणजे अस्सलपणाचा दाखलाही असतो, त्यामुळे ७ चा दर बिनग्रेडपेक्षा खर्चाहून जास्त वर असेल तर पाठवा. ब्लास्टॉइज तसंच विका, ओरखड्यांचे फोटो देऊन. व्हीनसॉर सपाट झालं की पुन्हा टॉर्चखाली बघा, मग ठरवू.

भिंगवाला
पाठवताना पातळ स्लीव्ह आणि वर कार्ड सेव्हरसारखा अर्धकडक होल्डर. कडक टॉपलोडर नको, त्यातून काढताना कोपरा जातो. आणि दोन्ही बाजूंचे स्कॅन तारखेसह जपून ठेवा, वाटेत काही झालं तर विम्यासाठी तेच लागतात.