८८ टक्के पडले तरी आर्ट्स? तुमचं मत काय?

रानजाई: भाचीला दहावीत ८८ टक्के मिळाले. तिला इतिहास आणि राज्यशास्त्र घ्यायचंय, पुढे पाच वर्षांचा लॉ करायचाय. घरात एकच पालुपद सुरू आहे: "आधी सायन्स घे, बारावीनंतर आर्ट्सला कोण अडवतंय?" अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दहा पसंतीक्रम भरता येतात, आजोबांना ते दहाही सायन्सचेच हवेत. माझ्या मते तिला आर्ट्सला जाऊ द्यावं.

गोदाकाठ: आजोबांचं बरोबर आहे. बारावी सायन्सवरून बीए, लॉ, काहीही करता येतं. आर्ट्सवरून मेडिकल, बीएस्सी नर्सिंग, इंजिनिअरिंग, सगळं बंद. पंधराव्या वर्षीची आवड विसाव्या वर्षी टिकतेच असं नाही. लॉ-सीईटीला कोणतीही शाखा चालते, मग दोन वर्षं सायन्स केलं तर बिघडलं काय?

चहाबाज_मास्तर: बिघडतं, गोदाकाठ. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. हल्ली सायन्सची निम्मी पोरं नावापुरती कॉलेजात असतात, दिवसभर क्लासमध्ये. याला 'इंटिग्रेटेड' असं गोंडस नाव आहे. मन नसलेलं पोर त्यात ८८ वरून ५५ वर येतं. मग बीएला जायचं ठरलं की बऱ्याच कॉलेजांची मेरिट लिस्ट बारावीच्या टक्क्यांवर लागते. दहावीचे ८८ तिथे कोणी विचारत नाही. तुम्ही उघडं ठेवलेलं दार त्या ५५ टक्क्यांनीच बंद होतं.

गोदाकाठ: मास्तर, तुम्ही शहरातलं सांगताय. आमच्या तालुक्यात आर्ट्सला प्रवेश घ्यायचा, वर्गात कोणी नसतं, थेट परीक्षेला उगवायचं, अशी रीत आहे. तिथे हुशार मुलीला पाठवायचं? सायन्सला निदान प्रॅक्टिकलला हजेरी लागते. आणि यूपीएससी-एमपीएससीला कुठलीही पदवी चालते म्हणून आर्ट्सला गेलेल्यांचं पुढे काय झालं, तेही बघा जरा.

रानजाई: पण हा दोष कॉलेजचा झाला ना, विषयाचा नाही.

गोदाकाठ: मुलीला शिकायचंय कॉलेजातच.

तिखटमीठ: मुद्द्यावर या. बोर्डाचं गणिताचं पुस्तक बघा, वर 'कला आणि विज्ञान' असं दोन्हींचं नाव आहे. म्हणजे आर्ट्सला तेच गणित घेता येतं. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास आणि गणित घेतलं तर पुढे लॉ आहेच, अर्थशास्त्राची पदवीही जमते. अडचण एकच: कॉलेजं 'मुलं नाहीत' म्हणून आर्ट्सला गणिताची तुकडीच काढत नाहीत. पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक कॉलेजात जाऊन विचारा, माहितीपुस्तिकेवर विसंबू नका.

गोदाकाठ: गणित घेणार असेल तर माझा विरोध अर्धा मावळला. उरलेला अर्धा एसटीच्या पासाचा. असं कॉलेज जिल्ह्याच्या गावीच मिळणार. रोज जा-ये करणार की हॉस्टेल?

रानजाई: हॉस्टेलला आजी तयार नाही. सोमवारी दोन कॉलेजांत जाऊन येते, मग इथेच लिहिते.